सौरपंप : प्रश्न विजेचा की पाण्याचा?

पाणी उपसण्याच्या साधनांचा इतिहास हा महाराष्ट्रात विहीर बागायतीचा इतिहास आहे. मोट गेली आणि तेलावर चालणारे इंजिन आले. इंजिन मागे पडले आणि विजेची मोटार आली. आता त्या मोटारीला वीज पुरविणाऱ्या तारेची जागा सौरपट्ट्या घेऊ लागल्या आहेत. यांपैकी प्रत्येक स्थित्यंतराचे शेतकऱ्याने मनापासून स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु प्रत्येक वेळी उपशाची शक्ती वाढली. जमिनीखालचे पाणी मात्र वाढले नाही. मोटेने विहिरीचा तळ गाठणे सहसा शक्य नसे, कारण बैलही थकत आणि मोटकरीही थके. विजेची मोटार थकत नाही. परंतु भारनियमन तिला थांबवीत असे आणि जळालेले रोहित्र तिला आठवडा-आठवडा झोपवीत असे. सौरपंपाच्या बाबतीत यांपैकी कोणताच अडथळा उरत नाही. सूर्य उगवला की पंप सुरू, आणि बिल कधीच येणार नाही, ही त्याची खरी ओळख आहे. नेमक्या याच गुणामुळे त्याचा विचार केवळ विजेचे एक नवे साधन म्हणून करून भागणार नाही. तो पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आहे, हे धोरणकर्त्यांनी वेळीच ओळखावयास हवे.

अपारंपरिक ऊर्जेचा सरकारी प्रयत्न नवा नाही. तेलाच्या दोन जागतिक संकटांनंतर १९८१ मध्ये केंद्राने पर्यायी ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग काढला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. सौरचूल, गोबरगॅस आणि पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या यांचा त्या काळात पुष्कळ प्रचार झाला. पैकी गोबरगॅसने काही ठिकाणी मूळ धरले. सौरचुली मात्र बहुसंख्य घरांत माळ्यावर गेल्या. सौरपंपाचा केंद्रीय कार्यक्रमही १९९३-९४ पासूनचा आहे. परंतु पट्ट्यांची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असल्याने तो प्रात्यक्षिकाच्या पलीकडे फारसा गेला नाही. चित्र पालटले ते गेल्या पंधरा वर्षांत, सौरपट्ट्यांच्या किमती झपाट्याने उतरल्यानंतर. २०१९ मध्ये केंद्राची ‘कुसुम’ योजना आली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, त्यानंतर मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना आणि २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. या शेवटच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची. बाकीचा भार सार्वजनिक. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाणही ठरविण्यात आले. जे साधन एकेकाळी प्रदर्शनात पाहावयाचे होते, ते बांधावर येऊन उभे राहिले आहे.

रात्रीच्या दाऱ्यांतून सुटका

सौरपंपाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात अतिशयोक्ती नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. शेतीच्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षे आठवड्याचे काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास अशी वीज देण्याची रीत राहिली. कागदावर हे वाटप समन्यायी दिसते. प्रत्यक्षात पौषाच्या थंडीत मध्यरात्री उठून, हातात विजेरी आणि काठी घेऊन दारे धरावयास जाणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. सर्पदंश आहे, जुन्नर-आंबेगावच्या बाजूला बिबट्याची धास्ती आहे, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावून बसणारा धक्का आहे. शहराला दिवसा वीज हवी म्हणून शेतकऱ्याने रात्र जागवावी, ही व्यवस्था कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नव्हती. दिवसा पाणी देता येणे ही सोय आहेच. त्याहूनही अधिक ती माणसाच्या सुरक्षिततेची आणि प्रतिष्ठेची बाब आहे.

वीज कंपनीच्या दृष्टीनेही सौरपंप सोयीचा आहे. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. मोजण्याचा खर्च वाचला. पण त्याबरोबर मोजण्याची सवयही सुटली. किती वीज शेतीला गेली, किती गळाली आणि किती चोरीला गेली, याचा हिशेब अंदाजावर राहिला. थकबाकी साचत गेली. २०२० च्या सुमारास ती ४० हजार कोटी रुपयांच्या वर पोहोचली होती. हा तोटा भरून काढण्यासाठी उद्योगांचे आणि व्यापाराचे दर चढे ठेवावे लागले. लांबच लांब तारा ओढून, एकेका विहिरीपर्यंत खांब उभारून, जिचे पैसे येणार नाहीत अशी वीज पुरविण्यापेक्षा एकदाच अनुदान देऊन मोकळे व्हावे, हा विचार हिशेबाला धरून आहे. नव्या जोडणीसाठी येणाऱ्या अर्जदाराला सौरपंपाकडे वळविण्याचा धोरणाचा कल यातूनच आला आहे. तेव्हा शेतकरी, वीज कंपनी आणि पर्यावरण या तिघांनाही लाभदायक ठरणाऱ्या साधनाविषयी शंका का घ्यावी, असा प्रश्न कोणीही विचारील. शंका साधनाविषयी नाहीच. शंका आहे ती त्याच्यासोबत न आलेल्या नियमांविषयी.

शून्य किमतीचे पाणी

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेला एक नियम येथे लागू पडतो. वस्तूचा पुढचा नग मिळविण्यास काहीच खर्च येत नसेल, तर माणूस तिचा वापर गरज संपेपर्यंत नव्हे, तर उपयोग संपेपर्यंत करतो. डिझेलच्या इंजिनाला तासाला किती तेल लागते हे शेतकऱ्याला तोंडपाठ असे, आणि म्हणून पाणी बांधापर्यंत पोहोचताच इंजिन बंद होई. अश्वशक्तीच्या आकारणीने हा लगाम सैल केला. राज्य सरकारने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली, तेव्हा तो सुटलाच. सौरपंपात तर तो मुळातच नाही, कारण उन्हाला बिल लावता येत नाही. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशासंबंधी जे दाखवून दिले, ते असे की यंत्र जितके काटकसरी होते तितका कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढतो. उपसा स्वस्त झाला की पाण्याच्या बाबतीतही हेच घडण्याचा संभव आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. सौरपंपाला अश्वशक्तीची मर्यादा आहे. तो सकाळ-संध्याकाळ मंद चालतो आणि ढगाळ दिवशी जवळजवळ चालतच नाही. तेव्हा उपशाला निसर्गानेच आवर घातलेला आहे, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ५ किलोवॉटच्या पट्ट्या लागतात. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले, तर रोजचे २० युनिट झाले. पाणी ३० मीटर उचलावयाचे आणि पंपाची कार्यक्षमता निम्म्याहून थोडी कमी असे मानले, तर एका युनिटमागे सुमारे ५ हजार लिटर पाणी वर येते. म्हणजे दिवसाला १ लाख लिटर. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी द्यावयास सुमारे २ लाख लिटर लागतात. दोन दिवसांत एक एकर, हा वेग कमी म्हणता येणार नाही. शिवाय या पंपाचा सर्वांत जोमाचा काळ मार्च ते मे हा आहे. ऊन कडक असते आणि विहिरीत पाणी सर्वांत कमी असते. निसर्गाने घातलेला आवर नेमका चुकीच्या ऋतूत सैल होतो.

दख्खनचा खडक

सबंध देशाच्या पातळीवर २०२३ च्या भूजल मूल्यमापनात वार्षिक उपसा हा उपलब्ध पाण्याच्या सुमारे ५९ टक्के होता. पंजाबात तो १६३, राजस्थानात १४८ आणि हरियाणात १३५ टक्क्यांच्या वर होता. महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांवरून महाराष्ट्राला चिंतेचे कारण नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसवा ठरेल. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या कठीण खडकावर वसलेला आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरात पाणी साठण्यास जेवढी जागा असते, तिच्या मानाने या खडकाच्या भेगांत आणि मुरमात ती अगदी थोडी, घनफळाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. म्हणून येथील विहीर पावसाळ्यात लवकर तुडुंब भरते आणि लवकरच खडखडाट होते. वर काढलेल्या हिशेबातील पंप दहा दिवस चालला, तर १० लाख लिटर पाणी वर येईल. जमिनीत पाझरून परत जाणारे पाणी सोडले, आणि खडकात २ टक्के पाणी धरले, तर ५ हेक्टर क्षेत्राखालची पातळी एक मीटरने उतरण्यास तेवढा उपसा पुरेसा आहे. पाच हेक्टरांत शेजारच्या दोन-तीन कुटुंबांच्या विहिरीही येतात.

म्हणजे महाराष्ट्रातील प्रश्न पंजाबसारखा दरवर्षी खोल जाणाऱ्या पातळीचा कमी आणि एकाच हंगामातील शर्यतीचा अधिक आहे. फेब्रुवारीत जो आधी उपसील त्याचा गहू-कांदा हाती येतो. जो थांबेल त्याची विहीर एप्रिलमध्ये कोरडी, आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीरही त्याच खडकावर. अशा स्थितीत संयम हा सद्गुण न राहता तोटा ठरतो. प्रत्येकाने स्वतःच्या हिशेबाने शहाणपणा केला, तर सर्वांचे मिळून नुकसान होते. कायदाही या शर्यतीला अटकाव करीत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून चालत आलेली समजूत अशी, की ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. महाराष्ट्राने २००९ चा भूजल अधिनियम करून या समजुतीला मुरड घालण्याचा प्रयत्न केला. खोल विंधणविहिरींवर निर्बंध घातले. परंतु बोअर मारणारी गाडी रात्रीत येते आणि सकाळी निघून जाते. कायद्याची वही तोपर्यंत तालुक्याच्या कचेरीत उघडतही नाही.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. सौरपंपासाठी पाण्याचा शाश्वत स्रोत असणे ही अट आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ती रास्तच आहे. परंतु तिचा अर्थ असा होतो, की ज्याच्याकडे विहीर नाही त्याला या अनुदानातील रुपयाही मिळत नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणीही ओढण्याचे साधन ९० टक्के सार्वजनिक पैशातून मिळते. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर या पैशाचे तितकेच मालक आहेत. त्यांच्या नावाने कोणी बोलत नाही, म्हणून त्यांचा हिशेब चुकता झाला असे होत नाही.

वाया जाणारे ऊन

स्वतंत्र सौरपंपाचा दुसरा दोष असा, की तो वर्षातला बराच काळ रिकामा उभा असतो. पावसाळ्यात आणि पिकांच्या मधल्या काळात पाण्याची गरज नसते. पट्ट्यांवर ऊन पडतच राहते. वर्षातील ३०० उन्हाचे दिवस धरले, तर वरील पंप ६ हजार युनिट वीज निर्माण करू शकतो. सिंचनाचे दिवस १५० मानले, तर ३ हजार युनिट वाया जातात. अशा एक लाख पंपांमागे हा तोटा वर्षाला ३० कोटी युनिट होतो. ज्या राज्यात विजेच्या तुटवड्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत, तेथे ही उधळपट्टी परवडणारी नाही. पंपाच्या नियंत्रकाला जोडून कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा शीतपेटी चालविता येते, अशी सोय आता तंत्रज्ञांनी केली आहे आणि ती उपयुक्त आहे. परंतु प्रत्येक बांधावर गिरणी चालणार नाही. अधिक मोठा उपाय हा शिल्लक वीज विकत घेण्याचा आहे.

त्याचा पहिला उल्लेखनीय प्रयोग गुजरातेत झाला. खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी संस्था काढली, आणि २०१६ मध्ये तिने शिल्लक वीज तेथील वितरण कंपनीला विकावयास प्रारंभ केला. कंपनीचा दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे होता. शिवाय प्रयोगाला साहाय्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेने हरित ऊर्जेसाठी आणि पाणी वाचविण्यासाठी म्हणून प्रत्येकी सव्वा रुपया अधिक दिला. या कल्पनेमागचे अर्थशास्त्र मोठे मार्मिक होते. पाण्यावर पट्टी बसविली की शेतकरी संतापतो. परंतु न उपसलेल्या पाण्याबद्दल पैसे मिळू लागले, तर प्रत्येक जादा तासाच्या उपशाला आपोआप किंमत येते. गमावलेले उत्पन्न हाही खर्चच असतो. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने ‘सूर्यशक्ती किसान योजना’ आखून याच तत्त्वावर शेतकऱ्याला पहिली सात वर्षे युनिटला ७ रुपये देऊ केले. सूर्यप्रकाश हे एक पीक मानावे आणि त्याला हमीभाव द्यावा, असा हा विचार होता.

केवळ किंमत पुरेशी नाही

तरीही हा उपाय सर्वरोगहर आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. एका युनिटबरोबर ५ हजार लिटर पाणी येते, हे वर दिसलेच आहे. त्या पाण्याची किंमत कधी कधी ३-४ रुपयांच्या कितीतरी पट असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या बाजूच्या मोसंबीच्या बागा जगविण्यासाठी शेतकऱ्यांनी टँकरने पाणी विकत घेतले. अनेकांनी बागा तोडून सरपण केले. ज्याची दहा वर्षांची बाग पाण्याच्या एका पाळीवर जगणार किंवा मरणार आहे, तो वीज विकण्यासाठी पंप बंद ठेवील अशी अपेक्षा कोणी करू नये. उसाचीही तीच गोष्ट. ज्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आहे, त्यासाठी पाणी ओढणे हे शिल्लक वीज विकण्यापेक्षा फायद्याचेच ठरणार. म्हणजे सामान्य वर्षी आणि सामान्य पिकासाठी किंमत उपयोगी पडेल. कसोटीच्या वर्षी ती अपुरी पडेल. आणि पाण्याचे धोरण पारखावयाचे ते कसोटीच्या वर्षीच.

तेथे नियमच लागतो, आणि तो गावाने स्वतः घातलेला असावा लागतो. सामायिक साधनसंपत्तीचा नाश अटळ नसतो, वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखविले आणि त्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला मात्र यासाठी परदेशी दाखला आणण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर माणसांवर, माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची शिस्त लावून घेतली. सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी केली. या दोन्ही ठिकाणी पंप होतेच. फरक एवढाच, की पंप सुरू होण्याच्या आधी नियम झाला होता.

पुढचा मार्ग

या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की स्वतंत्र सौरपंप सरसकट सर्वांना देण्याऐवजी तो जेथे खरोखर अपरिहार्य आहे तेथे आधी द्यावा. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम पाडे, जेथे तारा नेणे खर्चिक आहे. नदी-नाल्यावरून थोडेसे पाणी उचलून दुसरे पीक घेऊ पाहणारे आदिवासी शेतकरी. कोकणातील डोंगरउतारावरच्या वाड्या. येथे उपसा वाढणे हे संकट नसून विकास आहे.

दुसरी गोष्ट, जेथे विहिरींची दाटी आहे आणि तारा आधीच पोहोचल्या आहेत तेथे एकेका पंपाऐवजी सबंध वाहिनीच सौरऊर्जेवर आणणे अधिक शहाणपणाचे आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने हा विचार आग्रहाने मांडला. राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी त्याची सुरुवात झाली आणि २०२३ नंतर दुसऱ्या टप्प्यात त्याला वेग आला. उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर काही मेगावॉटचा प्रकल्प, युनिटला सुमारे ३ रुपये दर, आणि जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. यात वाहिनीवरच्या प्रत्येकाला दिवसा वीज मिळते, शेतकऱ्याला स्वतःचा पैसा गुंतवावा लागत नाही, पट्ट्यांची राखण आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होते, आणि शेतीला नको असलेली वीज तारांतून इतरत्र जाते. उन्हाची उधळपट्टी थांबते. उपशाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. वीज मोफत असेतोवर तो सौर वाहिनीवरही तसाच राहील.

म्हणून तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मोजमापाची. चाळीस-पन्नास वर्षे शेतीपंपाला मीटर नको, असा आग्रह राजकारणात राहिला. कुसुम योजनेतील सौरपंपाला मात्र दूरस्थ निरीक्षणाची सोय बंधनकारक आहे. पंप किती तास चालला, किती वीज निर्माण झाली, याची नोंद आपोआप होते. मागच्या दाराने का होईना, मोजमाप बांधावर परत आले आहे. ही नोंद पुरवठादाराच्या आणि कंपनीच्या संगणकात पडून राहण्याऐवजी ती दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. गावाचा एकूण उपसा आणि निरीक्षण विहिरीची पातळी शेजारी-शेजारी लिहिली गेली, की फेब्रुवारीतच एप्रिलचे भविष्य सर्वांना दिसेल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्ह्यांत गावोगावचे पाण्याचे ताळेबंद मांडण्याचा प्रयत्न झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे १९७२ पासूनचा अनुभव आहे. ऊर्जा खात्याचे अनुदान आणि जलखात्याचा ताळेबंद यांची गाठ मात्र कोठेच पडत नाही. दोन खाती एकाच विहिरीवर दोन दोर सोडून बसली आहेत.

ही गाठ घालण्याचा मार्ग कठीण नाही. अनुदानाला अट जोडणे ही गोष्ट काही नवी नव्हे. राजस्थानात फलोत्पादन विभागाने ८६ टक्के अनुदानाने सौरपंप दिले तेव्हा शेतकऱ्याकडे शेततळे आणि ठिबक असण्याची अट घातली होती. महाराष्ट्रात अट एकेका शेतकऱ्यावर न घालता गावावर घालता येईल. जे गाव पाण्याचा ताळेबंद मांडील, दुष्काळी वर्षी कोणती पिके घ्यावयाची नाहीत हे ग्रामसभेत ठरवील आणि पिण्याच्या विहिरीच्या परिसरात उपसा थांबविण्याचे मान्य करील, त्या गावाला पंप आणि सौर वाहिनी यांत अग्रक्रम मिळावा. शिल्लक विजेला चांगला भाव मिळावा. आणि त्या उत्पन्नातील काही वाटा विहीर नसलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवावा. पाणी पंचायतीने भूमिहीनाला जो हक्क दिला, त्याचे हे विजेच्या रूपातील प्रतिबिंब ठरेल. पोलिसी बंधनापेक्षा हा मार्ग अधिक टिकाऊ आहे, कारण त्यात शेजारी हाच शेजाऱ्याचा साक्षीदार असतो.

यावर ‘शेतकऱ्याच्या वाट्याला एक चांगली गोष्ट आली, तर तिलाही अटी लावावयाच्या काय?’ असा सवाल येईल, आणि निवडणुकीच्या हंगामात तो टाळ्याही घेईल. कारखानदाराला, व्यापाऱ्याला, शहरातल्या नळधारकाला अशा अटी कोण घालतो, हेही विचारले जाईल. हा सवाल रास्त आहे. शहरांनी आणि कारखान्यांनीही पाण्याचा हिशेब दिलाच पाहिजे. परंतु अट ही येथे शेतकऱ्याविरुद्ध नाही. सौरपंपाच्या शर्यतीत पहिला बळी जाईल तो सरकारचा किंवा शहराचा नव्हे. ज्याची विहीर चाळीस फूट खोल आहे आणि ज्याच्या शेजारी तीनशे फुटांचे बोअर पडले आहे, त्या लहान शेतकऱ्याचा जाईल. नियम नसणे हे नेहमीच बलवानाच्या सोयीचे असते.

सौरपट्टीचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते. आज बांधावर बसणारा प्रत्येक पंप पुढच्या पिढीपर्यंत त्या विहिरीवर उभा राहणार आहे. नियम घालावयाचा तर तो पंप बसविताना घालणे सोपे. बसल्यानंतर दहा वर्षांनी तो घालू पाहणाऱ्या सरकारला अश्वशक्तीच्या आकारणीचा अनुभव पुन्हा येईल. ती सवलतही तात्पुरती सोय म्हणूनच आली होती आणि हक्क होऊन बसली. रात्रीच्या अंधारातून शेतकऱ्याला बाहेर काढण्याचे काम सौरऊर्जा निश्चितपणे करील आणि त्याचे श्रेय ज्यांना घ्यावयाचे असेल त्यांनी ते अवश्य घ्यावे. मात्र मे महिन्यात त्याच शेतकऱ्याच्या विहिरीत पाणी असेल किंवा नाही, हे सूर्य ठरविणार नाही. ते गावाला आणि सरकारलाच ठरवावे लागेल, आणि पंपांची संख्या फुगण्याच्या आधी ठरवावे लागेल.